तोंडाने, मनाने नव्हे

वकिलाला शपथेचे फारसे कौतुक नसते. माझी सगळी वकिली साताऱ्याच्या कोर्टात गेली. पिंजऱ्यातला साक्षीदार ‘ईश्वरसाक्ष खरे सांगेन’ म्हणू लागला की माझे लक्ष त्या वाक्याकडे कधीच नसे. उलटतपासणीत पहिला प्रश्न कोणता टाकायचा याची जुळवाजुळव चाललेली असे. सिनेमात गीतेवर हात ठेवायला लावतात, तसले काही आमच्याकडे नसते. १९६९ च्या शपथ कायद्याने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. देवाला साक्षी ठेवून सांगा, नाहीतर नुसते प्रतिज्ञेवर सांगा. कायद्याला दोन्हींचे वजन सारखेच. देवाचे नाव घेऊन धडधडीत खोटे बोललेले माळकरी मी पाहिले आहेत, आणि देव न मानणारा, पण सख्ख्या भावाविरुद्ध खरे बोलून व्हरांड्यात येऊन रडलेला माणूसही पाहिला आहे.

तेव्हा गणपती उरकून मी मेरीलँडला लेकीकडे गेलो आणि ती म्हणाली, “बाबा, या शनिवारी मी टेम्पलर नाइट होणार आहे. शपथ आहे माझी, तुम्ही यायचंच,” तेव्हा मी हसलो नाही की दचकलो नाही. फक्त विचारले, “शपथ कोणापुढे?”

“आमच्या मास्टरपुढे. आणि वेळ मिळाला तर राजा येऊन जातो.”

“कुठला राजा?”

“आठवा हेन्री.”

इथे मात्र मला चहाचा ठसका लागला. टेम्पलर पंथ बरखास्त झाल्यावर जवळजवळ दोन शतकांनी हा हेन्री गादीवर आला. टेम्पलरांची मालमत्ता ज्या हॉस्पिटलर पंथाकडे गेली, त्याचा इंग्लंडमधला कारभार याच हेन्रीने १५४० साली मोडून जमिनी खिशात घातल्या. म्हणजे देवस्थानाची इनामे खालसा करणाऱ्या मामलेदारापुढेच पुजाऱ्याने दीक्षा घ्यायची. लेक म्हणाली, “बाबा, तिथे टर्कीच्या तंगड्याही विकतात. असं बघत बसलात तर जेवायलाच मिळायचं नाही.” टर्की हा मुळात अमेरिकेतला पक्षी. मी गप्प बसलो.

अमेरिकेत या जत्रांना रेनेसाँस फेअर म्हणतात. पहिली १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये, एका रेडिओ स्टेशनच्या मदतीसाठी भरली. मेरीलँडची १९७७ पासून चालू आहे. ॲनापोलिसजवळ क्राउन्सव्हिलच्या झाडीत सोळाव्या शतकातले एक इंग्रजी खेडेच उभे करून ठेवले आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवारी तिथे गर्दी लोटते. घोड्यावरून भाला रोखून दौडणे हा तर मेरीलँडचा १९६२ पासूनचा अधिकृत राज्यखेळ. पगारी नट वेगळे, पण तिकीट काढून येणारेही पुष्कळजण चिलखते, झगे, शिंगांच्या टोप्या घालून येतात. खरी तलवार आणली असेल तर ती म्यानातून निघू नये म्हणून मुठीला प्लास्टिकची पट्टी करकचून बांधतात. ही पट्टी मला फार आवडली. शस्त्र खरे, पण बांधलेले. शपथेचेही तसेच असते का, हा प्रश्न मला तिथेच पडला असावा.

आधी टेम्पलर कोण ते थोडक्यात सांगतो. १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये ह्यूग द पायां नावाच्या फ्रेंच सरदाराने मूठभर सोबती गोळा केले. समुद्रावरून जेरुसलेमकडे येणाऱ्या यात्रेकरूंना वाटमारे लुटत. त्यांचे रक्षण करायचे, हे काम. ११२९ साली त्र्वा इथल्या धर्मसभेत त्यांना नियमावली मिळाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही साधूंची तीनही व्रते, आणि हातात तलवार. आपल्याकडचे नाग्या गोसाव्यांचे आखाडे डोळ्यांपुढे आणले तर फार चुकणार नाही. नियम मोठे खमंग आहेत. शिकारीला बंदी, सिंहाचा अपवाद. लगामाला सोन्याचांदीचा साज नको. आईचे, बहिणीचेसुद्धा चुंबन घ्यायचे नाही. आणि स्त्रियांना पंथात घ्यायचे नाही.

“हे शेवटचं मला माहीत आहे,” लेक म्हणाली. तिने पांढरे लोकरी कापड आणून झगा शिवला होता, आणि तांबड्या कापडाचा क्रूस कापायचे काम माझ्यावर आले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी खडूने आखणी केली. चारही टोके बाहेर रुंदावत जायला हवीत. माझ्याकडून एक टोक जाड झाले, ते तिने काखेकडे वळवले. कात्री चालवताना मात्र मन चरकले. हे कोणाचे तरी देवचिन्ह आहे. उद्या कोणी जत्रेत गंमत म्हणून भगवी छाटी नेसून संन्यासदीक्षा घेतली आणि संध्याकाळी गाडीत घडी करून टाकली, तर मला चालेल का? चालणार नाही. आणि का चालणार नाही, हे मला नीट सांगताही येईना. खोटेपणाचा राग म्हणावा, तर नाटकात संन्यासी पाहून मी कधी उठून गेलेलो नाही.

लेकीच्या या टेम्पलर मंडळीत एक इलेक्ट्रिशियन आहे, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा पक्का कॅथलिक. सगळ्यांत आधी त्यानेच आक्षेप घेतला होता. शपथेच्या मसुद्याच्या शेवटी ‘देव मला साह्य करो’ असे होते. बाकीच्यांना ते वाक्य शोभेचे वाटत होते, चिलखताच्या खांद्यावरच्या पितळी फुलासारखे. हा म्हणाला, देवाचे नाव घ्यायचे तर मला खरेच घ्यावे लागेल. खेळात मी ते घेणार नाही. मग त्याच्यापुरते देवाचे नाव गाळून नुसता शब्द द्यायचे ठरले. मला हे ऐकून आमचा १९६९ चा कायदाच आठवला. पण अमेरिकेत याला त्यांची स्वतःची वाटही आहे. १९६६ साली बर्कलीच्या एका परसात सुरू झालेली एक मोठी संस्था आहे, सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम. वेताच्या तलवारींनी खरोखर झोंबणारी ही माणसे. त्यांच्यात नाइट होणारा पांढरा पट्टा बांधतो आणि राजाला निष्ठेची शपथ देतो. पण ज्याला अशी शपथ देणे मान्य नसेल, त्याच्यासाठी त्याच तोलाचे दुसरे पद आहे, मास्टर ऑफ आर्म्स. मान तेवढाच, शपथेची सक्ती नाही. खेळात शपथ नाकारायची सोय करावी लागते, याचा अर्थ काय? जिच्यापासून सुटका लागते ती गोष्ट नुसती पितळी फूल कशी असेल?

शनिवारी ओकच्या झाडाखाली समारंभ झाला. मास्टर पेशाने दंतवैद्य. मूळच्या दीक्षाविधीत उमेदवाराची चौकशी असे, ती त्यांनी ठेवली होती, आणि वकील म्हणून मला ती फार पसंत पडली. तुला बायको किंवा वाग्दत्त वधू आहे का? दुसऱ्या पंथाला बांधलेला आहेस का? फेडता न येणारे कर्ज? लपवलेला आजार? आत येण्यासाठी कोणाला पैसे चारलेस? खोटे सापडले तर झगा काढून घेत. आणि प्रश्नांआधी सावध करत: बाहेरून तुला आमचे देखणे घोडे दिसतात, आतले हुकूम दिसत नाहीत, झोपायचे असेल तेव्हा जागे करतील, जागायचे असेल तेव्हा झोपायला पाठवतील. आमच्या दंतवैद्याने कर्जाचा प्रश्न विचारला आणि सगळी मंडळी फिसकन हसली, कारण घराचे हप्ते नसलेला एकही नाइट तिथे नव्हता. ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य त्यांनी आधीच वगळले होते. उरलेला मजकूर असा: शस्त्र अंगावर असताना दारू नाही, मैदानात मार्शलचा शब्द अखेरचा, हरवलेले मूल किंवा उन्हाने घेरी आलेला माणूस दिसला तर त्याला टाकून जायचे नाही, आणि मंडळीतल्या कोणीही, केव्हाही मदत मागितली तर नाही म्हणायचे नाही. हात ठेवायला पुस्तक होते, पण ती कातडी बांधणीची कोरी वही होती. लेक गुडघ्यावर बसली, तिने शपथ म्हटली, झगा खांद्यावर पडला. मग दंतवैद्याने तलवारीचे पाते दोन्ही खांद्यांना टेकवले. टेम्पलरांत हे नव्हते. तो राजेलोकांचा रिवाज. तेवढ्यात पलीकडून तंगडी चघळणाऱ्या दोन पोरांनी ‘हझ्झा’ म्हणून आरोळी ठोकली आणि समारंभ आटोपला. राजा काही आला नाही.

आता खरा मुद्दा. खेळात उच्चारलेले पवित्र वाक्य लागू पडते का, हा प्रश्न मूळ टेम्पलर पंथ बुडाला त्या खटल्यातही होता, हे तिथल्या कितीजणांना ठाऊक होते कोण जाणे.

१३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने देशभरातल्या टेम्पलरांना एकाच पहाटे पकडले. मुख्य आरोप दीक्षेबद्दलचा: नव्या माणसाला बंद दाराआड येशूला नाकारायला आणि क्रूसावर थुंकायला लावतात. पॅरिसमध्ये १३८ जणांच्या जबान्या झाल्या आणि चौघे सोडून सगळ्यांनी काही ना काही कबूल केले. छळ करून घेतलेली कबुली किती ग्राह्य धरायची, हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या जबान्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते, आणि ते छळणाऱ्याने तोंडात घातलेले वाटत नाही, कारण ते आरोपीच्या फायद्याचे आहे. ते म्हणतात: नाकारले, पण तोंडाने, मनाने नव्हे. थुंकलो, पण क्रूसावर नाही, शेजारी. १३०८ च्या ऑगस्टमध्ये शिनाँच्या किल्ल्यात पोपच्या तीन कार्डिनलांनी मुख्य मास्टर झाक द मोले आणि इतर पुढाऱ्यांची चौकशी केली आणि पश्चात्ताप नोंदवून त्यांना पापमुक्तही केले. काही इतिहासकारांचा तर्क असा की तो विधी म्हणजे नव्या शिपायाची कसोटी होती: शत्रूच्या हाती सापडलास तर तुला काय करायला लावतील, त्याचे सोंग. तो तर्क खरा असेल, तर सोंग म्हणून घेतलेल्या नकाराने खऱ्या माणसांचे जीव गेले. मोलेने १३१४ च्या मार्चमध्ये नोत्र दामपुढे कबुली मागे घेतली आणि त्याच दिवशी सीन नदीतल्या बेटावर त्याला जाळले.

‘तोंडाने, मनाने नव्हे’ हा बचाव कोर्टात टिकत नाही. टिकला तर जगात एकही करार उरायचा नाही. पण मग लेकीची शपथही, तोंडानेच घेतलेली का असेना, लागू पडली म्हणायची. वकिलाला दोन्हीकडून बोलता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेला हा पेच जुना आहे. अथानेशियस हा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा थोर बिशप. त्याच्या लहानपणाची दंतकथा रुफिनसने लिहून ठेवली आहे. समुद्रकाठी पोरे बिशप-बिशप खेळत होती, अथानेशियस बिशप झाला होता आणि बाकीच्यांना बाप्तिस्मा देत होता. खऱ्या बिशपाने खिडकीतून पाहिले, पोरांना बोलावून घेतले, काय विचारले आणि काय उत्तर दिले याची कसून चौकशी केली, आणि निर्णय दिला की बाप्तिस्मा झाला. पुन्हा द्यायची गरज नाही. इतिहासाला ही गोष्ट पटत नाही, पण ती सांगावीशी वाटली यातच सारे आले. पुढे ऑगस्टिननेही नाटकातल्या बाप्तिस्म्याचा प्रश्न घेतला आणि ठाम निकाल द्यायचे टाळले; असा प्रसंग आलाच तर प्रार्थना करून देवाचा कौल घ्यावा, इथवरच तो गेला. थॉमस अक्वायनस मात्र चोख. नवसाला त्याने तीन गोष्टी लावल्या: विचारांती, निश्चयाने आणि वचन म्हणून. त्याच्या मापाने झाडाखालचा समारंभ तिसऱ्या पायरीवर चढतो, पहिल्या दोन पायऱ्या न चढता.

नोव्हेंबरात एका रात्री अकराच्या सुमाराला लेकीचा फोन वाजला. मंडळीतली एक बाई, जिच्याशी हिचे फारसे पटत नाही, चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात. तातडीच्या विभागातून सोडले होते, पण गुंगीचे औषध दिलेले, गाडी चालवायची नाही. लेकीला सकाळी सहाला लॅबमध्ये हजर व्हायचे होते. तिने फोन ठेवला, मराठीतून एक शिवी हासडली आणि बूट चढवले.

“अगं, दुसरं कोणी नाही का?”

“असेल. पण तिने मला फोन केला. शब्द दिलाय ना.”

“तो? झाडाखालचा? ते नाटक होतं.”

“नाटक होतं, पण माणसं तीच आहेत ना, बाबा.”

ती दोनला परत आली. मी जागा होतो, आणि तोवर माझा युक्तिवाद बांधून झाला होता. शपथ ही मनातली स्थिती नाही. शपथ म्हणजे दुसऱ्याच्या हातात जाब विचारण्याचा हक्क देणे. साक्षीदाराला ईश्वर खरे बोलायला लावत नाही, उलटतपासणी लावते. नाटकातल्या हरिश्चंद्राचे वचन पोकळ असते ते तो रंग लावून बोलतो म्हणून नव्हे. पडदा पडल्यावर विंगेत त्याला ‘राज्य कुठे आहे?’ असे विचारायचा हक्क कोणालाच मिळालेला नसतो, म्हणून. आणि खेळ खेळता खेळता तो हक्क दिला गेला, तर रंगभूमी असो की ओकचे झाड, वचन लागू.

याला माझ्याकडे एक पुरावा आहे. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गला हिंदी लोकांची सभा भरली, ती चक्क एम्पायर थिएटर या नाटकगृहात. नोंदणीचा काळा कायदा मानायचा नाही असा ठराव होता. हाजी हबीब उठून म्हणाले की हा ठराव देवाला साक्षी ठेवून करू. गांधीजी चपापले. आणि मग त्यांनी जे समजावले ते आम्हा वकिलांच्या कामाचे आहे: सभेचा ठराव बहुमताने होतो, बदलताही येतो, देवाच्या नावाची शपथ ज्याची त्याने घ्यायची, आणि शेजारी उठून गेला तरी आपण एकट्याने पाळायची. लोकांनी उभे राहून शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी ते थिएटर आगीत जळाले, शपथ राहिली. गंमत अशी की गांधीजी बॅरिस्टर झाले ते इनर टेंपलमधून. लंडनमधली ती जागा मुळात टेम्पलरांची. त्यांच्यामागून हॉस्पिटलर आले, हॉस्पिटलरांचे भाडेकरू म्हणून वकील आले आणि ते कायमचे राहिले.

पण गांधीजींचा दाखला देताच माझ्या युक्तिवादाला भोक पडते. शेजारी उठून गेला तर एकट्याने पाळायची. मग जाब विचारणारा कोण? हेच टेम्पलरांचे झाले. १३१२ साली पोप पाचव्या क्लेमेंटने पंथ बरखास्त केला. मास्टर नाही, मठ नाही, झगा नाही. ज्यांची आज्ञा मानायची ते हुकूम देणारेच उरले नाहीत. माझ्या हिशेबाने सगळे मोकळे व्हायला हवेत. चर्चने मात्र सांगितले, पंथ मोडला, व्रते मोडली नाहीत. उरलेल्या भावांना पेन्शन लावून मठांत ठेवले, कोणाला परक्या पंथांच्या घरात. तिथे एखादा म्हातारा टेम्पलर, ज्याला आता विचारणारे कोणी नाही, ब्रह्मचर्य पाळत बसला असेल, त्याची शपथ कोणाच्या हक्कावर उभी होती? याला उत्तर एकच निघते, आणि ते कोर्टाच्या कक्षेबाहेरचे आहे.

परवा लेकीचा फोन आला, मंडळी फुटायच्या बेतात आहे. भांडण शिलाईवरून: झगे हातानेच शिवलेले हवेत असे एका गटाचे म्हणणे, मशीन चालेल असे दुसऱ्याचे.

“म्हणजे मी सुटले का, बाबा?”

“इलेक्ट्रिशियन सुटला. त्याने समोरचा पक्ष म्हणून फक्त माणसं धरली होती. माणसं गेली, करार संपला. मानणारा होता म्हणून वाचून सही केली त्याने. तू देवाचं नाव घातलंस.”

“पण माझा देवावर विश्वासच नाही.”

“तोंडाने, मनाने नव्हे, असंच ना? तो बचाव तेराशे सातलाच करून झालाय.”

“मग अपील?”

“पोपकडे. पण निकाल १३१२ चा आहे, आणि तो तुझ्याविरुद्ध जातो.”